छोट्या मोटारीची निवड : एक ऐतिहासिक विचार

मध्यमवर्गीय घरांत मोटारगाडी घ्यावयाचें ठरलें, म्हणजे तें कार्य एखाद्या लग्नकार्याहून कमी गाजत नाहीं. वडील मंडळींपासून शाळकरी मुलांपर्यंत प्रत्येकाचें त्यांत कांहीं ना कांहीं मत असतें. शेजारी, साडू, कचेरींतील सहकारी यांचा सल्ला मागितला जातो, व न मागतांहि मिळतो. परंतु हें सारें मतमतांतर ऐकून घेतल्यावर असें दिसून येतें कीं, विचारले जाणारे प्रश्न सर्वत्र तेच ते असतात. गाडीची किंमत काय ? लिटरला ॲव्हरेज किती देते ? दुरुस्तीची सोय जवळ आहे कां ? आणि पांच-सात वर्षांनीं विकावयास काढली, तर भाव काय येईल ?

हे प्रश्न व्यवहारी शहाणपणाचे आहेत, अशी आपली समजूत असते ; आणि ती सर्वस्वीं खोटी आहे, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु आमच्या मतें हे प्रश्न मोटारीच्या स्वरूपांतून जितके निघाले आहेत, त्याहून अधिक ते आपल्या देशाच्या गेल्या पाऊणशें वर्षांच्या इतिहासांतून निघाले आहेत. प्रत्येक प्रश्नामागें एकेक काळ उभा आहे, आणि तो काळ सरला तरी प्रश्न मागें उरला आहे. इतकेंच नव्हे, तर जो प्रश्न सर्वांआधीं विचारावयास हवा, तो या यादींत कां नाहीं, याचें उत्तरहि त्याच इतिहासांत सांपडतें. म्हणून कोणती गाडी घ्यावी, याचा विचार करण्यापूर्वी ती निवडण्याची आपली रीत कशी घडली, तें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम 'हॅचबॅक' या शब्दाविषयीं दोन शब्द. जुन्या धाटणीच्या मोटारीचे तीन भाग असत : पुढें एंजिनाची पेटी, मध्यें माणसांची बैठक, व मागें सामानाची डिकी. हॅचबॅकमध्यें हा तिसरा भाग निराळा राहत नाहीं. मागचा दरवाजा कांचेसह वर उघडतो, आणि मागची बैठक दुमडली म्हणजे माणसांची जागा सामानाला मिळते. या छोट्या गाडीचें खरें मर्म मात्र तिच्या एंजिनाच्या मांडणींत आहे. १९५६ सालच्या सुवेझ प्रकरणानंतर इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई झाली, आणि ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे लहान, काटकसरी गाडी रचण्याचें काम आलें. १९५९ सालीं बाहेर पडलेल्या त्याच्या 'मिनी' गाडींत एंजिन आडवें बसविलें होतें व तें पुढचीं चाकें फिरवीत होतें. त्यामुळें गाडीच्या तळाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाहींसा झाला, आणि अवघ्या दहा फुटांच्या गाडींत चार माणसें नीट बसूं लागलीं. मिनीला मागें वर उघडणारा दरवाजा नव्हता. तो फ्रान्सच्या 'रेनॉ ४' या गाडीला १९६१ पासून होता. आडवें एंजिन आणि मागचा दरवाजा यांचा संयोग १९६४ सालीं इटलींतील 'ऑतोबियांकी प्रिमुला' या गाडींत झाला, आणि १९७४ च्या 'फोक्सवागेन गोल्फ'नें तो जगभर रूढ केला. तात्पर्य, हा आकार टंचाईंतून जन्मला. काटकसरी कुटुंबासाठीं, अरुंद रस्त्यांसाठीं व महाग पेट्रोलसाठीं जन्मला. या तिन्ही गोष्टींची ज्या देशांत रेलचेल, त्या आपल्या देशांत तो इतक्या उशिरां कां यावा ?

याचें उत्तर मोटारधंद्याच्या आरंभापाशीं आहे. १९२८ पासून जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी मुंबईंत परदेशी भाग आणून मोटारी जुळवीत असे. स्वदेशी कारखाने निघाले ते महायुद्धाच्या धामधुमींत. १९४२ सालीं बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स स्थापन झाली, आणि १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. सोलापुरांत जन्मलेल्या या उद्योगपतीनें जहाज, विमान व मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने आपल्या देशांत उभारण्याचा ध्यास घेतला होता. त्यांतील मोटारीचा कारखाना मुंबईस कुर्ल्याला उभा राहिला. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें असें ठरविलें कीं, जे कारखाने क्रमाक्रमानें साऱ्या मोटारीचें उत्पादन येथें करतील, त्यांनाच वाव द्यावा. नुसत्या जुळणीला नाहीं. तेव्हां परदेशी कंपन्यांनीं येथून गाशा गुंडाळला. पुढें उत्तरपाड्याची अंबॅसडर, कुर्ल्याची फियाट व मद्रासची स्टँडर्ड एवढींच काय तीं नांवें मध्यमवर्गाच्या कानांवर राहिलीं.

हें धोरण निव्वळ आंधळें होतें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परकीय चलन तुटपुंजें होतें, पोलाद कमी होतें, आणि ज्या देशांत बस व मालमोटारी पुरेशा नाहींत, तेथें खासगी मोटार ही चैन समजली गेली, यांत नवल नाहीं. परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. सत्तरनंतरच्या दशकांत साऱ्या देशांत मिळून वर्षाला पन्नास हजार मोटारीहि तयार होत नव्हत्या. १९५९ सालीं मोटारींच्या वांटपावर व विक्रीवर नियंत्रण ठेवणारी सरकारी आज्ञा निघाली. पैसे भरून नांव नोंदवावें, आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, असा प्रकार सुरू झाला.

या रांगेनेंच आपला एक प्रश्न जन्मास घातला. नवी गाडी मिळण्यास वर्षें लागत. पण ज्याच्या हातीं ती एकदां आली, त्याच्या दारीं गिऱ्हाइकें उभीं असत, आणि वापरलेल्या गाडीला कधीं कधीं नव्या गाडीहून अधिक मोल मिळे. जगांत इतरत्र मोटार ही झिजणारी वस्तु. आपल्याकडे ती सोन्याच्या दागिन्यासारखी ठेव बनली. विकतांना भाव काय येईल, हा प्रश्न घेण्याच्या आधींच विचारण्याची संवय आपल्याला लागली ती या काळांत. रांग गेली, परवाना गेला, आज पाहिजे ती गाडी थोड्या दिवसांत दारांत उभी राहते. परंतु पोटच्या मुलीला दागिना घेतांना जसा मोडीचा हिशेब मनांत राहतो, तसा हा प्रश्न अजून आपल्या मनांत आहे.

स्वस्त व लहान गाडी देशांत व्हावी, ही कल्पना त्या काळींहि नव्हती असें नाहीं. १९६० च्या सुमारास एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें तिचा विचार केला होता. नंतर दहा वर्षें ती कागदावर राहिली. १९७० सालीं संजय गांधी यांना छोट्या गाडीसाठीं इरादापत्र मिळालें, १९७१ सालीं मारुती लिमिटेड ही कंपनी निघाली. परंतु बाजारांत गाडी न आणतांच ती बुडाली. मध्यंतरीं १९७३ सालचें अरब-इस्रायल युद्ध झालें, आणि कांहीं महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. ज्या घरांत मोटार होती, तेथें ती रविवारपुरती बाहेर निघूं लागली. दीड हजार घनसेंटिमीटरच्या एंजिनाची, टनाहून अधिक वजनाची अंबॅसडर पोसणें म्हणजे दारीं हत्ती झुलविण्यासारखें झालें. 'ॲव्हरेज किती देते ?' या प्रश्नाला आपल्या तोंडीं जें मानाचें स्थान मिळालें, त्याची धार या तेलसंकटानें लावली आहे.

१९८० नंतरची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. तरी तिचे कांहीं तपशील ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. सरकारनें बुडालेला कारखाना ताब्यांत घेऊन १९८१ च्या फेब्रुवारींत मारुती उद्योग लिमिटेड स्थापन केली. १९८२ सालीं जपानच्या सुझुकी कंपनीशीं करार झाला व तिला २६ टक्के भांडवल दिलें गेलें. १९८३ सालीं दहा हजार रुपये भरून नोंदणी सुरू होतांच दोन महिन्यांत सव्वा लाखांहून अधिक लोकांनीं नांवें घातलीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातांत पडली. ७९६ घनसेंटिमीटरचें तीन सिलिंडरांचें आडवें एंजिन, पुढच्या चाकांना गति, लांबी सुमारें ३.३ मीटर, आणि किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास, असें त्या मारुती ८०० चें स्वरूप होतें. इसिगोनिसनें इंग्लंडांत जें १९५९ सालीं केलें, तें जपानच्या वाटेनें आपल्याकडे चोवीस वर्षांनीं आलें.

या गाडीनें केलेला बदल केवळ यांत्रिक नव्हता. तिचें चक्र हलकें, गिअर सुलभ, आणि भरवसा असा कीं, सकाळीं किल्ली फिरविली म्हणजे ती चालू होणारच. अंबॅसडर व फियाट चालविणाराला थोडें तरी मेकॅनिक व्हावें लागे, अगर एक मेकॅनिक ओळखीचा ठेवावा लागे. मारुतीनें ही अट काढून टाकली. मोटार चालविणाऱ्या स्त्रिया शहरांतील रस्त्यांवर संख्येनें दिसूं लागल्या, त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं या हलक्या गाडीला आहे. शिवाय कंपनीनें गांवोगांवीं अधिकृत दुरुस्तीगृहें उभारलीं. 'सर्व्हिस जवळ आहे कां ?' हा आपला तिसरा प्रश्न या काळाचें देणें होय. आणि चारांतील हाच प्रश्न आजहि सर्वांत निकोप आहे. जानेवारी २०१४ मध्यें ही गाडी बंद होईपर्यंत तिचे पंचवीस लाखांहून अधिक नग तयार झाले.

तरीहि हें निवडीचें युग नव्हतें. पूर्वीं दोन जुन्या गाड्यांतून एक घ्यावयाची होती, आतां एक नवी घ्यावयाची होती, एवढाच फरक. १९९३ सालीं मोटारधंद्यावरील परवान्याचें बंधन उठलें. त्याचीं फळें दिसावयास पांच वर्षें लागलीं. १९९८ हें साल या इतिहासांत मोठें मोलाचें आहे. त्या एका वर्षांत कोरियाच्या ह्युंदाईची उंच बांध्याची 'सँट्रो' आली, देवूची 'मॅटिझ' आली, आणि वर्षाच्या अखेरीस टाटांची 'इंडिका' आली. इंडिकेविषयीं महाराष्ट्रीयांस आपुलकी वाटणें साहजिक आहे, कारण ती पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला घडली. तिच्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील निस्सान कंपनीच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री खरेदी करून समुद्रमार्गें आणली होती. बाहेरून मारुती झेनएवढी, आंतून अंबॅसडरएवढी ऐसपैस, आणि किंमतीनें मारुती ८०० च्या जवळ, असा संकल्प रतन टाटांनीं सोडला होता. पहिल्या गाड्यांत पुष्कळ उणिवा निघाल्या. त्या दुरुस्त करून २००१ सालीं सुधारलेली आवृत्ति काढावी लागली. परंतु आपल्या देशांत रचलेली गाडी परदेशी गाडीच्या शेजारीं ठेवून पारखण्याचा अनुभव मध्यमवर्गाला येथें प्रथम आला. निवड या शब्दाला अर्थ आला तो तेव्हां.

पुढें निवड वाढली, पण तिची चौकट मात्र सरकारनेंच आंखली. २००६ च्या अंदाजपत्रकांत छोट्या गाडीवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला, व 'छोटी' या शब्दाची व्याख्या केली गेली : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल एंजिन १२०० व डिझेल एंजिन १५०० घनसेंटिमीटरपर्यंत. या चार मीटरांच्या रेषेनें आपल्या गाड्यांचा आकार ठरविला. डिकीच्या गाड्यांची डिकी कापून त्या रेषेच्या आंत बसविल्या गेल्या. जीपसारख्या दिसणाऱ्या उंच गाड्याहि त्याच मापाच्या झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्यें वस्तु व सेवा कराचा दर छोट्या गाड्यांसाठीं १८ टक्के झाला, तेव्हांहि माप तेंच राहिलें. गाडी आपल्या गरजेनें घडते, असें आपणांस वाटतें. ती निम्मी करानें घडते.

राहिला किंमतीचा प्रश्न. त्याची परीक्षा इतिहासानें एकदां अगदीं स्वच्छ रीतीनें घेतली आहे. स्कूटरवर नवरा, बायको व मुलें अशीं सारीं बसून पावसांत निघालेलीं पाहून रतन टाटांच्या मनांत एक लाख रुपयांच्या गाडीची कल्पना आली. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत 'नॅनो' जगासमोर आली. सिंगूरचा कारखाना भूमिसंपादनाच्या तंट्यामुळें सोडून गुजरातेंत साणंदला न्यावा लागला, तरी गाडी २००९ सालीं बाजारांत आली. मागें दोन सिलिंडरांचें एंजिन, लांबी तीन मीटरांहून किंचित् अधिक, आणि आंत जागा आश्चर्य वाटावें इतकी. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें ती लहान कामगिरी नव्हती. तरीहि दहा वर्षांच्या आंत ती संपली. कांहीं गाड्यांना आग लागल्याच्या घटनांनीं धास्ती बसली, हें खरें. पण मुख्य कारण आमच्या मतें निराळें होतें. जगांतील सर्वांत स्वस्त गाडी असा तिचा डंका पिटला गेला, आणि स्वस्तपणाची पाटी कपाळावर मिरविणें कोणत्याहि कुटुंबास नको होतें. मध्यमवर्ग पै पै वांचवितो हें खरें, पण तो वांचवितो तें चारचौघांत मानानें उभें राहतां यावें म्हणून. जो वर्ग केवळ किंमत पाहतो असें सर्वजण समजत होते, त्यानें सर्वांत कमी किंमत नाकारली. तेव्हां किंमत हा आपला पहिला प्रश्न खरोखर पहिला नाहीं, हें २००९ नंतरच्या दशकानें सिद्ध केलें.

आतां ज्या प्रश्नाला यादींत स्थान नाहीं, त्याकडे वळूं. जानेवारी २०१४ मध्यें 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच छोट्या गाड्यांच्या टकरीच्या चांचणीचे निष्कर्ष जाहीर केले. नॅनो, आल्टो ८००, आय-१०, फिगो व पोलो या त्या गाड्या. ताशी ६४ किलोमीटर वेगानें समोरून टक्कर देतां, एअरबॅग नसलेल्या या पांचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या रक्षणाबद्दल एकहि तारा मिळाला नाहीं. त्यांतील पोलोचा प्रकार विशेष बोधप्रद आहे. तीच गाडी पुढच्या दोन एअरबॅगा लावून पुन्हां तपासली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. सांगाडा चांगला असूनहि केवळ दोन पिशव्यांच्या अभावीं शून्य, व त्यांच्यासह चार ! आणि कमी किंमतीच्या प्रकारांत या पिशव्या नसत, कारण त्या कोणी मागत नसे.

कोणी मागत नसे, हें वाक्य आपण नीट वाचलें पाहिजे. कारखानदार सरसकट निर्दय होते, किंवा गिऱ्हाईक आपल्या मुलाबाळांविषयीं उदासीन होतें, असा याचा अर्थ नव्हे. तीस वर्षें रांगेंत उभ्या राहिलेल्या माणसाला गाडी मिळाली यांतच कृतार्थता होती. मिळालेल्या वस्तूचे दोष काढणें त्याच्या अंगवळणीं पडलें नव्हतें. तेलाच्या टंचाईनें त्याला हलक्या गाडीचें प्रेम शिकविलें, आणि हलकेपणा पत्र्याच्या व सांगाड्याच्या काटकसरींतून साधला असेल काय, ही शंका त्याला शिवली नाहीं. प्रत्येक संकटानें आपल्याला एकेक प्रश्न शिकविला. पण अपघात हें संकट प्रत्येक घरावर निरनिराळ्या दिवशीं कोसळतें, म्हणून त्यानें समाजाला प्रश्न शिकविला नाहीं. सन २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत सर्वांत मोठा वांटा दुचाकीवरील माणसांचा होता. तेव्हां स्कूटरवरून छोट्या मोटारींत येणें हेंहि सुरक्षिततेकडे टाकलेलें पाऊल आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण एवढ्यावर समाधान मानण्याचें आतां कारण उरलें नाहीं.

कारण २०१४ नंतर परिस्थिति पालटली आहे. चाकें न अडकतां गाडी थांबविणारे एबीएस ब्रेक १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना आवश्यक झाले. चालकाची एअरबॅग त्याच वर्षींच्या जुलैपासून, व शेजारच्या बैठकीची २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें. टाटांच्या टिॲगो या छोट्या गाडीला २०२० सालीं चार तारे मिळाले, आणि सुरक्षित गाडी महागच असते हा समज ढळला. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची चांचणीपद्धति सुरू झाली आहे. ती कारखानदारांवर सक्तीची नाहीं. म्हणूनच गिऱ्हाइकानें विचारणें अधिक अगत्याचें.

मग घरांत रोजच्या वापरासाठीं छोटी गाडी घ्यावयाची तर प्रश्नांचा क्रम कसा असावा ? आमची सूचना अशी आहे. पहिला प्रश्न रक्षणाचा : या गाडीची टकरीची चांचणी झाली आहे काय, मोठ्यांसाठीं व मुलांसाठीं तारे किती, आणि मागच्या तिन्ही माणसांना नीट पट्टे आहेत काय ? दुसरा प्रश्न वापराचा : गाडी रोज किती चालणार, कोण चालविणार, आणि तींत कोण बसणार ? गुडघे दुखणाऱ्या आजीला उंच बैठकीची गाडी बरी ; शहरांतील गर्दींत आपोआप बदलणारे गिअर बरे ; सीएनजीची टाकी बहुधा डिकीची जागा खाते, हें गांवीं सामान नेणाऱ्यानें आधींच पाहावें. एप्रिल २०२० च्या प्रदूषणनियमांनंतर छोट्या डिझेल गाड्या जवळजवळ नाहींशाच झाल्या आहेत, तेव्हां तो जुना वाद संपला. तिसरा प्रश्न दुरुस्तीच्या सोयीचा. तो पूर्वींचाच राहूं द्यावा.

ॲव्हरेजचा प्रश्न चौथा, आणि तोहि पाटी-पेन्सिल घेऊन सोडवावा. एक गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते व दुसरी २२. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्यास यांतील फरक सुमारें दहा लिटरांचा, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरल्यास हजार रुपयांचा पडतो. हा फरक लहान नव्हे. परंतु ज्या घरांत गाडी महिन्याला तीनशें किलोमीटरच चालते, तेथें तो तीनशें रुपयांचा आहे, आणि तीनशें रुपयांसाठीं एअरबॅगा अगर भक्कम सांगाडा सोडणें हा हिशेब कोणत्याहि गृहिणीस पटणार नाहीं. किंमत अर्थात् आपल्या ऐपतीनें ठरेल. ती मर्यादा आहे, निकष नव्हे. आणि विकतांना येणाऱ्या भावाचा प्रश्न सर्वांच्या शेवटीं ठेवावा, कारण तो ज्या रांगेंत जन्मला, ती रांग आतां उरली नाहीं.

मारुतीच्या पहिल्या नोंदणीसाठीं ज्यांनीं दहा हजार रुपये भरले, त्यांच्या पिढीनें वाट पाहण्याचा गुण पराकोटीस नेला होता. त्या गुणाचें ऋण आपल्यावर आहे. आज दुकानांत दहा गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या आहेत, त्या त्यांच्या मागणीच्या बळावर. परंतु वाट पाहणाराला जें मिळेल तें घ्यावें लागतें, आणि निवडणाराला मागावें लागतें. २०१४ सालीं ज्या दोन पिशव्या कोणी मागत नव्हतें, त्या सहा-सात वर्षांच्या आंत कायद्यानें सर्वांना मिळूं लागल्या. पुढची सुधारणा कायद्याची वाट न पाहतां व्हावयाची असेल, तर ती दुकानाच्या उंबरठ्यावर कुटुंबानें विचारलेल्या पहिल्या प्रश्नापासूनच होईल.